बखर, संशोधन आणि शोकनायक: मराठी नाटकातील संभाजीराजे

ऐतिहासिक नाटकाची चर्चा मराठीत बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: नाटककाराने इतिहासाशी किती इमान राखावे? प्रश्न गैर नाही. पण तो विचारताना ‘इतिहास’ नावाची एक घडीव, निर्विवाद वस्तू नाटककारासमोर ठेवलेली असते असे गृहीत धरले जाते. वास्तविक नाटककाराची गाठ पडते ती साधनांशी. आणि साधन हे स्वतःच एक रचना असते. त्याला लेखक असतो, आश्रयदाता असतो, काळ असतो, कधी घराण्याची जुनी जखमही असते. नाटककार साधनांना आकार देतो हे खरे. परंतु त्याच्या हाती पडण्यापूर्वी त्यांनी इतिहासाला एक आकार दिलेलाच असतो. शोकात्म नायकाच्या बाबतीत ही गुंतागुंत अधिक तीव्र होते. ॲरिस्टॉटलने घातलेली अट सुपरिचित आहे: सर्वथा निर्दोष पुरुषाचा नाश पाहून करुणा व भय जागत नाहीत, नुसता उद्वेग येतो, आणि दुष्टाचा नाश पाहून समाधान वाटते. शोकनायकाच्या हातून काही प्रमाद घडावा लागतो, आणि तो प्रमाद त्याचाच असावा लागतो. तेव्हा नाटककार साधनांकडे जातो तो बहुतेक वेळा प्रमादाच्या शोधात. साधनांनी त्याच्या हाती प्रमादाऐवजी दुर्गुण ठेवला तर काय होते, आणि पुढे संशोधनाने तो दुर्गुणही काढून घेतला तर काय उरते, हे पाहण्यासाठी संभाजीराजांइतके बोलके उदाहरण मराठी नाट्यवाङ्मयात दुसरे नाही.

राजांच्या चरित्राची काही निश्चित स्थळे प्रथम नोंदवावयास हवीत. जन्म १४ मे १६५७, पुरंदरावर. दुसऱ्या वर्षी, १६५९ मध्ये, मातुःश्री सईबाईंचा मृत्यू. डिसेंबर १६७८ मध्ये स्वराज्य सोडून मोगल सरदार दिलेरखानाकडे प्रयाण. पुढील वर्षाच्या अखेरीस परत येऊन पन्हाळ्यावर वास्तव्य. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले तेव्हाही ते पन्हाळ्यावरच होते. १६ जानेवारी १६८१ रोजी राज्याभिषेक. त्याच वर्षी अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आदींना कटाच्या आरोपावरून देहान्त शासन. औरंगजेबाशी आठ वर्षे झुंज. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी कैद आणि ११ मार्च १६८९ रोजी निर्घृण वध. वयाची बत्तीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

या सांगाड्यात शोकात्मिकेची बीजे किती आहेत हे सांगण्याची गरज नाही. मात्र एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटककारापुढे हा सांगाडा नव्हता. त्याच्यापुढे होती मल्हार रामराव चिटणीस यांची बखर आणि तिच्या जोडीला, तिचाही आधार घेऊन १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा इतिहास. चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, साताऱ्याच्या दरबारात सिद्ध झाली. म्हणजे घटनांनंतर एक शतकाहून अधिक काळाने. मल्हार रामराव हे बाळाजी आवजींचे वंशज. ज्या राजाने मूळ पुरुषाला मृत्युदंड दिला त्या राजाचे चरित्र त्या घराण्यातील लेखणीने लिहिले, ही गोष्ट बखरीचा आस्वाद घेणाऱ्या वाचकाच्या फार काळ लक्षात आली नाही. रागीट, व्यसनी, स्त्रीलंपट, ‘कलुषा’च्या नादी लागलेला राजा ही मूर्ती तेथून उचलली गेली.

येथे एका नावाकडे थोडे लक्ष द्यावयास हवे. कवी कलश हे उत्तरेकडील ब्राह्मण, कवी, संभाजीराजांचे विश्वासू; ‘छंदोगामात्य’ ही त्यांची पदवी. बखरीत ‘कलश’चा ‘कलुषा’ झाला. एका अक्षराच्या फिरवाफिरवीने मांगल्याचे चिन्ह कलुषिताचा पर्याय बनले, आणि राजाला भुलविणारा कुमंत्री हे पात्र नाटककाराला आयते मिळाले. प्रत्यक्षात हा ‘कुमंत्री’ राजांबरोबर पकडला गेला, त्यांच्याबरोबर धिंडीत फिरला आणि त्यांच्याबरोबरच मारला गेला. इयागोच्या साच्यात हा मृत्यू बसत नाही. तरीही साचा टिकला. दंतकथांचेही तेच. पन्हाळ्याच्या परिसराशी जोडलेली थोरातांच्या कमळेची कथा संशोधकांनी निराधार ठरविली. परंतु १९४१ मध्ये भालजी पेंढारकरांनी तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा तो पाहणाऱ्या लोकांना ती इतिहासच वाटत होती. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथाही अशीच. महाराजांच्या निधनानंतर वर्षाहून अधिक काळ त्या हयात होत्या, १६८१ मध्ये त्यांचा अंत झाला, हे कालनिर्णयाने सिद्ध झाले तरी कथेचे नाट्य ओसरले नाही.

बखरकाराच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की वंशवैर सिद्ध झाले म्हणून प्रत्येक विधान असत्य ठरत नाही. आणि बखर हा गद्यप्रकार नैतिक दृष्टान्ताकडे झुकणाराच असतो. थोर पित्यानंतर राज्य का बुडता बुडता वाचले याचे उत्तर त्याला एका पुरुषाच्या स्वभावात शोधावयाचे होते. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्डही असाच ट्यूडर राजवटीच्या सावलीत लिहिल्या गेलेल्या इतिवृत्तांतून जन्मला. इंग्लंडात आता रिचर्डच्या बाजूने लिहिणारे अभ्यासक आहेत, तरी नाटक उभेच आहे. कारण शेक्सपिअरने रिचर्डला शोकनायकापेक्षा खलनायक म्हणून रंगविले. पक्षपाती साधन त्याच्या कामाचे होते. ज्याला संभाजीराजांचा खलनायक करावयाचा नव्हता, त्या मराठी नाटककाराची अडचण वेगळी होती.

ती अडचण राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’मध्ये स्पष्ट दिसते. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी सावनेर येथे निवर्तले तेव्हा हे नाटक अपुरे होते. उपलब्ध अंशांवरून त्यांच्या मनातील आराखडा मात्र कळतो. एका टोकाला समुद्राच्या सान्निध्यात, तुळशीच्या मोहात सापडलेले, विलक्षण शौर्याचे आणि तितक्याच विलक्षण बेभानपणाचे संभाजीराजे. दुसऱ्या टोकाला मृत्यूच्या दारात उभे असलेले, स्वतःच्या आयुष्याचा हिशेब साबाजीसमोर मांडणारे संभाजीराजे. राज्य म्हणजे उपभोग नव्हे, राजाने उपभोगाचा त्याग केला पाहिजे, हा साक्षात्कार त्यांना शेवटी होतो, आणि नाटकाचे नाव त्यातून सिद्ध होते. गडकऱ्यांना राजांची निंदा करावयाची नव्हती. बखरीतला दुर्गुण त्यांनी घेतला तो पश्चात्तापाला उंची यावी म्हणून.

हाच साचा त्यांनी त्याच काळात दुसऱ्या एका नाटकात पूर्ण केला होता. ‘एकच प्याला’तील सुधाकर आणि ‘राजसंन्यास’मधील संभाजीराजे यांचे नाते समीक्षेने पुरेसे तपासलेले नाही. दोघेही तेजस्वी, दोघेही मानी, दोघांच्याही शेजारी निष्ठावान पत्नी. दोघांचाही नाश व्यसनाने. दोघांनाही ज्ञान होते ते उशीर झाल्यावर. गडकऱ्यांचे शोकात्म व्याकरण हे मूलतः व्यसनाचे व्याकरण आहे. सुधाकराच्या बाबतीत ते चपखल बसते, कारण सुधाकर कल्पित आहे आणि प्याला हीच त्याची नियती आहे. संभाजीराजांच्या बाबतीत मात्र एक फट राहते. संगमेश्वरची कैद, औरंगजेबाचे दक्षिणेतील प्रचंड सैन्य, दोन दुष्काळी वर्षांनी खंगलेला मुलूख, सरदारांची फितुरी यांचा विलासाशी कार्यकारणसंबंध जोडावा लागतो, आणि तो इतिहास जोडून देत नाही. बखर देते. म्हणून गडकऱ्यांना बखर हवी होती. तिच्यावाचून त्यांचा शेवटचा प्रवेश उभा राहिला नसता. प्रतिभेचे सामर्थ्य एवढे, की त्या भाषणाच्या ओघात ही फट वाचकाच्या ध्यानात येत नाही. नाट्यगुण म्हणून हे यश आहे, आणि त्या यशाचे मोल पुढे चुकते करावे लागले.

कारण १९६० मध्ये वासुदेव सीताराम बेंद्रे यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनेक दशकांच्या परिश्रमांनी जमविलेल्या समकालीन कागदपत्रांच्या आधारे बेंद्र्यांनी चिटणिसी प्रतिमेचा पायाच उखडला. ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी लढणारा, कारभारावर नजर ठेवणारा राजा पुढे आला. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने त्या चित्राला अधिक समतोल दिला. इतिहासाच्या दृष्टीने ही एका पुरुषाला मिळालेली न्यायाची प्राप्ती होती. नाट्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न अवघड झाला. दुर्गुण गेला, आता नायक शोकात्म व्हावा कशाने?

वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये दिलेले उत्तर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बेंद्र्यांच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, धी गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले. मास्टर दत्ताराम यांचे शिवाजी महाराज आणि काशिनाथ घाणेकरांचे संभाजीराजे हा मराठी नाट्येतिहासाचा भाग झाला. कानेटकरांनी दोष व्यक्तीतून काढला आणि नात्यात ठेवला. आईविना वाढलेला, पित्याच्या प्रेमासाठी आसुसलेला, त्यांच्या राजेपणामुळे दुरावलेला पुत्र. आणि राजा की बाप या पेचात दुभंगलेला पिता. संभाजीराजांचा उद्दामपणा नाटकात आहे, पण तो दुखावलेपणातून येतो. मदिरा आणि मदिराक्षी यांची जागा उपेक्षेने घेतली. ही रचना साधनांशी पूर्णतः फटकून नाही. मंत्र्यांशी बेबनाव, सोयराबाईंची आकांक्षा, उत्तराधिकाराचा घोळ या गोष्टींना आधार आहे. परंतु तिचा सूर विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घराचा आहे. प्रेक्षकांनी ती उचलून धरली याचे एक कारण हेच: सिंहासनाच्या मागे त्यांना आपले घर दिसले.

या स्थलांतराची किंमतही आहे. तक्रार हा प्रमाद नव्हे. उपेक्षित पुत्राविषयी सहानुभूती वाटते, आणि त्या सहानुभूतीत भय मिसळलेले नसते. शिवाय नाटकाचा तोल हळूहळू पित्याकडे सरकतो. शीर्षकच सांगते त्याप्रमाणे त्याचे भावकेंद्र रायगड आहे. दिलेरखानाकडे जाण्याची घटना नाटकात पित्याच्या काळजावरील घाव म्हणून येते. शोकनायक कोण, असा प्रश्न केला तर उत्तर महाराजांकडे झुकते.

‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) हे कानेटकरांचे दुसरे नाटक अखेरच्या पर्वाचे. येथे संभाजीराजे पूर्णपणे उजळून निघाले आहेत. कैदेतील राजा छळापुढे नमत नाही. पण न नमण्याचा निर्णय एकदा झाला की त्याला नाट्यांतर्गत हालचाल उरत नाही. हुतात्म्याला निवड करावी लागत नाही, त्याला टिकावे लागते. हालचाल असते ती समोरच्या माणसात. प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब लोकांच्या स्मरणात राहिला याचे श्रेय नटाला आहेच, परंतु नाटकाची घडणही तशीच आहे. जिंकूनही हरलेला, ज्या शत्रूला मारले त्याच्यासारखा पुत्र आपल्याला नाही हे जाणणारा बादशहा शोकनायकाच्या जागी सरकतो. इतिहासही त्याला साथ देतो: संभाजीराजांच्या वधानंतर औरंगजेब अठरा वर्षे दक्षिणेत अडकून राहिला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मरण पावला. ॲरिस्टॉटलची अट अशी मागच्या दाराने नाटकात परत आली.

या दोन पर्यायांव्यतिरिक्त साधनांत तिसरे काही नव्हते काय? होते, आणि ते बखरीत दडलेले नव्हते. दिलेरखानाकडील एक वर्ष हे राजांच्या चरित्रातील असे स्थळ आहे, की जे कोणत्याही संशोधनाने पुसले गेलेले नाही. एकवीस वर्षांचा युवराज शत्रूला का मिळाला, याचे निर्विवाद उत्तर कागदपत्रांत नाही. रागाने, निराशेने, की काही राजकीय डावाने, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु पुढे घडले ते स्पष्ट आहे. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला. गडावर महाराजांचीच माणसे होती, आणि चालून आलेल्या फौजेत महाराजांचा पुत्र होता. शरण आलेल्यांपैकी शेकडो लोकांचे हात तोडण्यात आले. त्यानंतर विजापूर प्रांतात लूट सुरू झाली. अथणीच्या रयतेचे हाल पाहून राजांनी दिलेरखानाशी वाद घातला. आणि नोव्हेंबर १६७९ मध्ये एका रात्री, थोडे स्वार आणि पुरुषवेषातील येसूबाई यांच्यासह, ते छावणीतून निसटले. विजापूरमार्गे पन्हाळा गाठला.

येथे प्रमाद आहे, त्याचे दृश्य फळ आहे, आणि त्या फळाच्या दर्शनाने होणारी ओळख आहे. शोकात्मिकेला जे हवे ते सारे क्रमाने मांडलेले आहे, आणि त्यासाठी कमळा, तुळशी, कलुषा कोणाचीही गरज नाही. विशेष हे, की हा प्रमाद दुर्गुणातून येत नाही. म्हणून तो मान्य केल्याने राजांची बदनामी होत नाही, आणि नाकारल्याने थोरवी वाढत नाही. त्याचे पडसाद मात्र दूरवर जातात. एकदा शत्रूला मिळालेल्या राजाला स्वतःच्या सरदारांच्या फितुरीचा न्याय करावा लागला. १६८१ च्या कटात मंत्र्यांनी बंडखोर शहाजादा अकबराला लिहिलेले पत्र राजांच्या हाती आले तेव्हा शिक्षा देणारा आणि शिक्षा भोगणारे यांच्यात एका वर्षाच्या आठवणीचे अंतर होते. बाळाजी आवजी मारले गेले. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ राजांच्या आणि पुढे राजारामांच्या सेवेत निष्ठेने राहिले. पुत्राने जे वैर धरले नाही ते त्याच घराण्यातील बखरकाराने धरले, हेही या शोकात्मिकेचेच एक उपाख्यान म्हणता येईल.

कोल्हापूरच्या परिसराला या कथेत दोनदा स्थान आहे. पित्याकडे परतण्याची जागा पन्हाळा; आणि शेवटचा घाला आला तोही याच बाजूने. मोगलांचा सरदार मुकर्रबखान पन्हाळ्याच्या मोहिमेवर कोल्हापुरास होता. तेथून सह्याद्री ओलांडून तो अकस्मात संगमेश्वरी पोहोचला. त्या चकमकीत संताजी घोरपड्यांचे वडील म्हाळोजी पडले. याच कापशीकर घोरपड्यांच्या सेवेत वाढलेल्या नारो महादेवांनी धन्याचे आडनाव धारण केले आणि त्यांच्या वंशाकडे इचलकरंजीची जहागीर आली. आज हातकणंगले तालुक्यात मोडणाऱ्या या गावाच्या नावाने, १८४३ च्या सांगलीतील प्रयोगानंतरच्या पिढीत, ‘इचलकरंजीकर नाटक मंडळी’ गावोगाव फिरत होती. इतिहास आणि नाटक यांचे घर या मुलखात एवढे जवळ आहे. इतिहासाचा जो अर्थ सामान्य माणसाने उचलला तो त्याने तंबूतील दिव्यांच्या उजेडात, आणि पुढे चित्रपटगृहाच्या अंधारात उचलला.

हे विसरले तर ३ जानेवारी २०१७ ची घटना कळत नाही. त्या पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला, आणि त्याचे कारण म्हणून ‘राजसंन्यास’मधील चित्रणाकडे बोट दाखविण्यात आले. कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. ज्या लेखकापुढे १९६० चा ग्रंथ नव्हता त्याला त्या ग्रंथाच्या न्यायासनासमोर उभे करणे हा कालविपर्यास आहे. पण नाटकाला कल्पनेचे स्वातंत्र्य असते एवढे म्हणून सुटका करून घेणेही अभ्यासकाला शोभत नाही. तुळशी ही गडकऱ्यांच्या नाटकाची गरज होती. तिच्यामागची लंपटपणाची धारणा मात्र बखरीची होती, आणि प्रेक्षकाला दोहोंतील सांधा दिसत नव्हता. त्याची प्रतिक्रिया म्हणून आज दुसरे टोक गाठले गेले आहे. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) कादंबरीपासून तिच्यावर आधारलेल्या २०२५ च्या हिंदी चित्रपटापर्यंत नायक उत्तरोत्तर निष्कलंक होत गेला. अशा नायकासमोर प्रेक्षक हात जोडतो, डोळे पुसतो. त्याच्या निर्णयाने तो हादरत नाही.

पन्हाळ्यावरील पितापुत्रांची भेट कृष्णाजी अनंत सभासदाने संवादरूपात लिहून ठेवली आहे. महाराज राज्याच्या दोन वाटण्यांची गोष्ट काढतात, एक तुंगभद्रेपलीकडची, कावेरीपर्यंतची, आणि एक अलीकडची, गोदावरीपर्यंतची. पुत्र उत्तर देतो की मला वाटणी नको, दूधभात खाऊन आपल्या पायांचे चिंतन करीन. सभासदाने हे लिहिले ते जिंजीत, राजारामांच्या सांगण्यावरून. अलीकडचे राज्य धाकट्या पुत्राच्या वाट्याला घालणाऱ्या या संवादात लेखकाच्या धन्याचे हित कोठे आहे हे उघड आहे. तरीही त्या दूधभातात काही असे आहे, की जे हिताच्या हिशेबात बसत नाही. भूपाळगड पाहून आलेला, अथणीहून रात्री निसटलेला तरुण ते बोलतो आहे असे समजून ते वाक्य वाचले, तर त्याचा अर्थ नम्रतेचा राहत नाही.